आमच्या इन्चार्ज वन्सं

आमच्या घरात लिंबू पिळायचं काम माझं. लग्न होऊन आले तेव्हापासून माझंच. माझ्या नणंदबाई, म्हणजे आमच्या वन्सं, बाकी कुठल्याही कामाला एका पायावर तयार असत. पण लिंबू, मिरची आणि मीठ यांना हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. सुरुवातीला मला वाटलं, नखरे आहेत. मी नवी सून, त्या थोरल्या नणंद, त्यामुळे असं वाटायला फारसं कारण लागत नाही. मग एकदा खिडकीशी बसून त्या हाताला मलम लावत होत्या तेव्हा ते हात नीट पाहिले आणि गप्प बसले. बोटांच्या पेरांवर, बेचक्यांत, पार मनगटापर्यंत बारीक बारीक भेगा होत्या आणि काही भेगांतून रक्त दिसत होतं.

वन्सं नर्स होत्या, नवजात बाळांच्या वॉर्डात. दिवस भरायच्या आत जन्मलेली, तळहातावर मावतील अशी बाळं तिथे काचेच्या पेट्यांत ठेवलेली असतात. बाळाला हात लावायच्या आधी कोपरापर्यंत हात धुवायचे, लावून झाल्यावर पुन्हा धुवायचे. पेटी उघडली, धुवा. नळी बदलली, धुवा. बाळाची आई भेटायला आली की तिला धुवायला शिकवा आणि शिकवता शिकवता आपणही धुवा. औषधी साबणानं कातडीचं पार वाटोळं होतं. हातात अंगठी नाही, घड्याळ नाही, नखं बोटांच्या आत. घरातसुद्धा त्या हळू आवाजात बोलत, कारण वॉर्डात जरा आवाज चढला की पेटीतली बाळं दचकतात. आमचे हे त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, पण यांनी मीठ मागितलं तरी शेजारच्यांना कळतं.

वन्संचा नवरा नोकरीसाठी परदेशी गेला तो तिकडचाच झाला. आधी फोन कमी झाले, मग बंद झाले. तेव्हापासून वन्सं लेकीला घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. घरभाड्यात त्यांचा वाटा असे, किराण्यात असे, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुणी न मागता तो टेबलावर आलेला असे. भावाच्या जिवावर राहते असं कुणी म्हणू नये, एवढाच त्यांचा ताठा. बाकी स्वभाव मऊ.

लेकीला आम्ही ठमी म्हणतो. जन्मली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. वन्संना रोज ती किडकिडीत बाळं बघायची सवय, म्हणून आपलंच पोर हातात आल्यावर त्या म्हणाल्या म्हणे, ‘ही केवढी ठमी!’ तेच नाव चिकटलं. आता ती अंगानं काडी झाली आहे, तरी ठमीच.

आता पगाराचं सांगते, कारण सगळं रामायण तिथेच आहे. लोकांना वाटतं, एवढं जोखमीचं काम, मग पगारही तसाच असणार. कसला डोंबलाचा! मोठ्या माणसांच्या वॉर्डात ताप मोजणारीला जेवढा, तेवढाच वन्संना. नवजात बाळांच्या कामाचं वेगळं शिक्षण वन्संनी नोकरी सांभाळून घेतलं, परीक्षा दिली. हॉस्पिटलनं कौतुक म्हणून त्यांचा फोटो फळ्यावर लावला. पगारात मात्र काही फरक पडला नाही. दरवर्षीची वाढ घरभाड्याच्या वाढीमागे धापा टाकत पळायची. बरं, वर चढावं म्हटलं तर अख्ख्या वॉर्डाला वरची जागा एकच, इन्चार्ज सिस्टरची. ज्यांना दम नव्हता त्या केव्हाच पसार झाल्या. एक विम्याच्या टेबलावर जाऊन बसली, एक परदेशात गेली, एक कॉलेजात शिकवायला लागली. एकीनं मशिनं विकणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, ती आता कडक इस्त्रीचे कपडे घालून त्याच वॉर्डात मशिनं दाखवायला येते. सगळ्यांचे पगार वन्संपेक्षा जास्त. म्हणजे बाळापासून जेवढं लांब जाल तेवढा पगार वाढतो, असा त्या धंद्याचा उलटा कारभार.

याचा मला राग यायचा. वन्संना येत नसे. त्या म्हणत, ‘जुन्या इन्चार्ज निवृत्त झाल्या की माझाच नंबर आहे.’ आम्हीही तसंच धरून चाललो होतो. वॉर्डात त्यांच्याइतकं जुनं कुणी उरलंच नव्हतं.

जुन्या इन्चार्ज एकदाच्या निवृत्त झाल्या. ज्या दिवशी नवीन नाव जाहीर व्हायचं होतं त्या दिवशी आमचे हे लवकर घरी येऊन दारातच उभे. वन्सं जिना चढून वर आल्या तशी यांनी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं विचारलं, “काय ताई, झालीस का इन्चार्ज?”

वन्सं खाली वाकून चप्पल काढत होत्या. वाकलेल्या तशाच त्या म्हणाल्या, “हो.”

मग काय, यांनी आइस्क्रीम आणलं, ठमीनं नातेवाइकांना फोन लावले, मी उगाचच डोळे पुसले. पुढच्या महिन्यात पगार खरोखरच वाढून आला. टेबलावरचा वाटा जाडजूड झाला. ठमीला नवा चष्मा आला, यांच्यासाठी बूट आले, मला मिक्सर आला. शंका यायला जागाच नव्हती.

या सगळ्यात ठमीनं आपलं ठरवलेलं बदललं. ती हिशेबाच्या लायनीत जाणार होती. आईचा पगार बघून तिनं लहानपणीच ठरवलं होतं, की पैसे मोजायचे तर लोकांचे मोजावेत, निदान मोजण्याइतके तरी असतात. आता तिनं नर्सिंग कॉलेजचा फॉर्म भरला. कॉलेज आईच्याच हॉस्पिटलचं, त्याच आवारातलं. एके दिवशी जेवताना तिनं ही बातमी आम्हाला दिली.

“मला वाटत होतं तेवढं हे काम वाईट नाही, मामी,” ती मला म्हणाली. “उशिरा का होईना, वर जाता येतं. आईच बघ ना.”

यांनी तिची पाठ थोपटली. वन्संनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मला वाटलं, भरून आलं असेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी लिंबाचा प्रकार झाला. मी फोनवर होते. ओट्यावर काकडी चिरून ठेवली होती. वन्संनी लिंबू कापलं, काकडीवर पिळलं, चोथा टाकला आणि हात पुसून पुढच्या कामाला लागल्या. ना तोंड वाकडं केलं, ना हात नळाखाली धरला. मी फोन ठेवला आणि सरळ त्यांचा हात धरून उलटा केला. भेगा बुजल्या होत्या. कातडी मऊ, गुलाबी. नखं जराशी वाढलेली. हे हात रोज कोपरापर्यंत धुतले जाणाऱ्या बाईचे नव्हते.

“मलम बदललं का?” मी विचारलं.

वन्संनी हात सोडवून घेतला नाही. मग तिथेच, ओट्याला टेकून, त्यांच्या त्या हळू आवाजात त्यांनी सगळं सांगितलं.

इन्चार्ज त्या झाल्याच नव्हत्या. ती जागा त्यांच्यापेक्षा कितीतरी धाकट्या मुलीला मिळाली होती. तिच्याकडे पदवी होती, वन्संचा डिप्लोमा. नियम नियमाच्या जागी. बाळाच्या इवल्याशा शिरेत सुई कशी घालायची हे त्या मुलीला वन्संनीच शिकवलं होतं. तिच्यावर त्यांचा काही राग नव्हता. मोठ्या मॅडमनी, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या मुख्य होत्या त्यांनी, वन्संना बोलावून सांगितलं की तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे, आहात तिथेच राहा. घरी येताना वन्सं मनाशी ‘नाही झाले’ हे घोकत आल्या. पण दारात भावाचं तोंड दिसलं आणि तोंडातून ‘हो’ निघून गेलं. एकदा ‘हो’ म्हटलं म्हणजे पगार वाढायला हवा. तो कुठून वाढणार? एक मोठ्या घरचं बाळ काही दिवस त्यांच्या वॉर्डात होतं. घरी जाताना ती माणसं मागेच लागली होती, की सिस्टर, आमच्याकडे बाळ सांभाळायला या, म्हणाल तो पगार देऊ. तेव्हा वन्संनी हसून टाळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या घरी फोन केला आणि हॉस्पिटलात राजीनामा दिला.

“किती देतात?” मी विचारलं. माझा स्वभावच तसा.

“इन्चार्जपेक्षा जास्त.”

“एका धडधाकट पोरासाठी?”

“त्याला काहीसुद्धा होत नाही हो वहिनी,” वन्सं गाऱ्हाणं सांगावं तशा म्हणाल्या. “नुसतं पितं आणि झोपतं.”

मी म्हटलं, मग यात तोंड लपवण्यासारखं काय आहे? चोरी केली नाही, मूल सांभाळणं म्हणजे काही वाईट काम नव्हे. वन्संनी मान हलवली. त्या जे बोलल्या ते मी विसरणार नाही.

“मूल सांभाळायची लाज नाही वाटत. मला जे येतं त्याचे पैसे कधी मिळाले नाहीत, आणि जे कुणालाही येईल त्याचे मिळतात, आणि मी ते घेते, याची लाज वाटते. आणि माझं खोटं बघून माझी पोर त्या वाटेला निघालीय. तिला तोंड कसं दाखवू?”

मी आजवर वन्संना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रडल्या नाहीत. फक्त चेहरा असा झाला, जणू भर बाजारात कुणी कानफटात मारली. मी ठमीला आणि यांना काही सांगणार नाही, असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं. ‘तिच्या मुलाखतीच्या आधी मीच सांगेन,’ त्या म्हणाल्या. कारण मुलाखत घ्यायला मोठ्या मॅडम स्वतः बसणार होत्या. ठमी तिथे आईची बढाई मारणार आणि मॅडम म्हणणार, कोण इन्चार्ज? ती तर सोडून गेली.

मला राहवेना. एक दिवस वन्सं डबा विसरल्या, निदान मी तसं म्हणायचं ठरवलं, आणि पत्ता शोधत त्या घरी गेले. घर म्हणजे काय, आमच्या अख्ख्या मजल्याएवढा नुसता दिवाणखाना. बाळाची आई साधी पोरगी, हसऱ्या चेहऱ्याची. तिची सासू मात्र माझ्याच जातकुळीतली, तोंडाची फटकळ. मी दारात उभी असतानाच तिचं सुरू होतं, की ही नवीन बाई जरा अतीच करते. काल बाळाला बघायला पाहुणे आले तर त्यांना हिनं न्हाणीघरात नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले. साहेबांच्या साहेबांना अस्तन्या वर करायला लावल्या! तेवढ्यात आतून कपडे धुवायच्या मशिनची शिट्टी वाजली आणि वन्सं बाळाच्या पाळण्याकडे धावत सुटल्या. वॉर्डात तशी शिट्टी वाजली की एखाद्या बाळाचा श्वास अडकलेला असतो. इथे फक्त चादरी धुवून झाल्या होत्या. सुनेला हसू आलं. वन्संही हसल्या, पण कानापर्यंत लाल झाल्या.

मग त्यांनी मला पाहिलं.

“कोण आहे गं?” सासूनं विचारलं.

“ओळखीच्या आहेत,” वन्सं म्हणाल्या. डबा घेतला आणि दार लावून घेतलं.

ओळखीच्या! इतकी वर्षं एका ओट्यावर काढली आणि मी ओळखीची. जिना उतरताना मी इतकी चिडले होते की खाली आल्यावर कळलं, रिकामी पिशवी वरच राहिली. संध्याकाळी जाब विचारायचा म्हणून दबा धरून बसले. वन्सं आल्या आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, ‘तुम्हाला माझी वहिनी म्हटलं असतं तर तुम्हीही आयाची वहिनी झाला असता.’ माझा राग तिथल्या तिथे जिरला आणि त्याच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं.

मुलाखत जवळ आली. वन्सं रोज ठरवत, रोज टाळत. ठमी आरशासमोर उभी राहून उत्तरांची तयारी करायची आणि त्यातलं पहिलंच वाक्य असायचं, ‘माझी आई नवजात विभागाची इन्चार्ज आहे.’ ते ऐकलं की वन्सं कुठलं तरी भांडं घेऊन घासत बसत, स्वच्छ असलेलंसुद्धा. मी डोळ्यांनी खुणावे. त्या डोळ्यांनीच ‘उद्या’ म्हणत. उद्या उद्या करता मुलाखतीचा दिवस उजाडला, आणि वन्सं त्या घरून सुट्टी घेऊन आमच्याबरोबर निघाल्या. ठमी म्हणाली, ‘तू कशाला रजा काढलीस? तुझ्या वॉर्डाच्या शेजारीच तर आहे.’ रस्ताभर वन्सं तिचे कागद पिशवीत नीट लावत राहिल्या.

मुलाखतीला अवकाश होता. ठमी म्हणाली, तोवर तुझा वॉर्ड दाखव. नाही म्हणायला वन्संना कारण सुचलं नाही. आम्ही तिघी त्या लांब, थंड व्हरांड्यातून वॉर्डाच्या दाराशी आलो. दाराबाहेर हात धुवायचं मोठं बेसिन आहे, कोपरानं उघडायच्या नळांचं. पलीकडे काचेतून पेट्यांच्या रांगा दिसत होत्या. वन्संनी काही विचार न करता अस्तन्या वर केल्या आणि हात धुवायला लागल्या. सवयच ती. शेजारच्या नळावर ठमीही धुवायला लागली. लहानपणापासून बघून बघून तिला ते तंतोतंत येत होतं, आधी तळवे, मग बेचक्या, मग अंगठे, मग कोपरापर्यंत. दोघींच्या हातांची हालचाल एकसारखी होती.

तेवढ्यात काचेपलीकडून एक तरुण नर्स आमच्याकडे यायला निघाली. वन्संना ओळखून तिचा चेहरा फुलला होता. तिच्या छातीवर बिल्ला होता, आणि त्यावर काय लिहिलंय हे वाचायला मला चष्मा लागला नाही. ठमीची नजर अजून हातांवर होती. वन्संनी त्या नर्सला येताना पाहिलं.

“ठमे, ऐक,” त्या म्हणाल्या. नळ चालूच होता. “ती येतेय ना, ती इथली इन्चार्ज आहे. मी कधीच नव्हते. त्या दिवशी मी खोटं बोलले. ही नोकरीसुद्धा सोडली मी. एका घरी बाळ सांभाळते, तिथे पैसे जास्त मिळतात. मी आता नर्स नाही.”

ठमीनं वर पाहिलं. तिचे हात फेसात तसेच थांबले.

“मामीला माहीत होतं?” तिनं विचारलं.

वन्संनी होकारार्थी मान हलवली. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. दार उघडून ती तरुण इन्चार्ज बाहेर आली, ‘सिस्टर, किती दिवसांनी!’ म्हणत तिनं वन्संचे ओले हात धरले आणि ही तुमची लेक ना, अगदी तुमच्यासारखे हात धुते, असं म्हणाली. ठमीनं हात विसळले, कोपरानं नळ बंद केला आणि कॉलेजच्या इमारतीकडे चालू लागली. आम्ही तिच्यामागे.

मुलाखतीच्या खोलीचं दार उकाड्यामुळे उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. ठमी आत खुर्चीवर, पाठ आमच्याकडे. टेबलापलीकडे तिघेजण, मधोमध मोठ्या मॅडम. त्यांना दारातून बाक दिसत होता, आणि बाकावरच्या वन्संही. त्यांनी ठमीचं आडनाव वाचलं, एकदा बाहेर पाहिलं आणि त्यांचा चेहरा नरम झाला. त्यांना वाटलं असावं, मुलीला जरा हात द्यावा.

“तुझ्या घरात कुणी नर्सिंगमध्ये आहे?” त्यांनी विचारलं.

“नाही,” ठमी म्हणाली.

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही, मॅडम.”

आवाज स्वच्छ होता, बाकापर्यंत आला. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि दारातून सरळ वन्संकडे पाहिलं. आता या काय बोलतात, म्हणून मी बाकाची कड घट्ट धरली. वन्संनी मॅडमकडे बघून हळूच मान हलवली. मुलगी म्हणते ते बरोबर आहे, अशी. मग मान खाली घातली. मॅडमनी पेन उचललं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मुलाखत संपल्यावर मॅडम बाहेर आल्या. ठमी पुढे जाऊन जिन्यापाशी उभी राहिली होती. मॅडमनी वन्संना विचारलं, की एकाएकी का सोडून गेलात, माणसं मिळत नाहीत, नवीन मुली टिकत नाहीत. तुमची जागा अजून रिकामी आहे, उद्यापासून या. वन्संचा चेहरा एकदम उजळला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं या आत्ताच धावत जाऊन हात धुतील. मग त्यांनी विचारलं, पगाराचं काही? मॅडमनी नजर चुकवली. पगार तोच, त्या म्हणाल्या, माझ्या हातात काही नाही. त्यांना खरंच लाज वाटत होती, तेवढं मात्र मी म्हणेन.

वन्संनी जिन्याकडे पाहिलं.

“हिची इथली फी त्या पगारात बसत नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “हिचं शिक्षण होईपर्यंत मला तिकडेच राहावं लागेल.”

घरी जाताना मी ठमीला सोडलं नाही. वन्सं दोन पावलं मागे होत्या, तरी मी सोडलं नाही. म्हटलं, ज्या बाईनं एवढ्या बाळांना जगवलं तिला तू चारचौघांत नाकारलंस, जीभ कशी झडली नाही? मीही तुला फसवलं, मला बोल, पण तिला असं?

ठमीचे डोळे लाल होते. “मी खोटं कुठे बोलले, मामी?” ती म्हणाली. “आईच म्हणाली ना, मी आता नर्स नाही म्हणून.”

मागून वन्संचा आवाज आला, नेहमीसारखा हळू. “बरोबर बोलली ती. तिला काही म्हणू नका.”

यांनाही त्याच दिवशी सगळं सांगितलं. हे बराच वेळ गप्प होते, आणि हे गप्प बसले की घर ओळखू येत नाही. शेवटी म्हणाले, ‘मी दारात एवढ्यानं ओरडायला नको होतं.’ ठमीला कॉलेजात प्रवेश मिळाला. ती जाणार नाही म्हणेल असं मला वाटलं होतं, पण गेली. फी वन्संनी भरली. त्या रोज सकाळी त्या घरी जातात. बाळ आता रांगतं, अजून बोलत नाही, पण बोलायला लागलं की वन्संना मावशी म्हणेल म्हणे. दोघी मायलेकी एकमेकींशी बोलतात, पण पाहुण्यासारख्या. पाणी दे, पंखा लाव, एवढंच.

परवाची गोष्ट. जेवायला बसायची वेळ होती. मी गॅसपाशी अडकले होते, म्हणून ठमीला म्हटलं, काकडीवर लिंबू पीळ. तिनं लिंबाची फोड हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली.

“मला नाही जमणार,” ती म्हणाली. “झोंबतं.”

वॉर्डात शिकायला सुरुवात झाल्यापासून दिवसभर हात धुवावे लागतात, असं ती पुटपुटली. बोटांच्या बेचक्यांत पहिल्या भेगा पडल्या होत्या. वन्सं ताटं मांडत होत्या. त्यांनी लेकीचा हात धरला, उजेडाकडे करून पाहिला आणि बराच वेळ सोडला नाही. ठमीनंही तो काढून घेतला नाही. मग वन्सं ओट्याशी आल्या, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी लिंबू पिळलं. त्यांचे हात आता चांगले आहेत.